मोटारीचें म्हातारपण

गेल्या वैशाखांत भर दुपारीं अमरावतीहून बडनेऱ्याकडे जात असतां आमची मोटार रस्त्यांतच थांबली. पेट्रोल होतें, बॅटरी चांगली होती, किल्ली फिरविली म्हणजे इंजिनही फिरे. परंतु तें पेट कांहीं घेईना. समोरच्या फलकावर एक पिवळा दिवा तेवढा शांतपणें जळत राहिला. अखेर ती गाडी ओढून एका मोठ्या दुरुस्तीगृहांत न्यावी लागली. दुसऱ्या दिवशीं तेथून अंदाजपत्रक आलें. इंजिनावर हुकमत चालविणारी एक विद्युत्-पेटी निकामी झाली होती. ती पेटी व तिच्याबरोबर बदलावे लागणारे भाग मिळून एक लाख चाळीस हजार रुपये खर्च होता. गाडी बारा वर्षांची. बाजारांत तिला सव्वा लाखही कोणी देत नाहीं. तेथील कारागिरानें आम्हांस मोठ्या आपुलकीनें सांगितलें, "सर, बारा वर्ष झाले गाडीले. आता काय ठेवता इले?"

त्या मुलाचें म्हणणें व्यवहाराला धरून होतें. पण घरीं परततांना आम्हांस आमच्या वडिलांच्या मोटारीची आठवण झाली. वडील अकोल्यास वकिली करीत. त्यांनीं १९७५ सालीं एक वापरलेली मोटार विकत घेतली आणि २००९ पर्यंत, म्हणजे चौतीस वर्षें, ती घरीं ठेवली. तीही रस्त्यांत थांबे. किंबहुना आमच्या ह्या गाडीपेक्षां दसपटीनें अधिक वेळां थांबे. परंतु "आता काय ठेवता इले" असा प्रश्न तिच्याविषयीं कोणीं कधीं विचारल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. मग ह्या दोन गाड्यांत जास्त भरंवशाची कोणती म्हणावयाची? जी क्वचित् बिघडते पण एकदां बिघडली कीं संपते ती, कीं जी वारंवार बिघडते पण कधींच संपत नाहीं ती? प्रस्तुत लेखांत ह्या प्रश्नाचा इतिहासाच्या अंगानें थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

यंत्रशास्त्रज्ञ असें सांगतात कीं, यंत्राच्या आयुष्याचे तीन टप्पे असतात. नव्या यंत्रांत घडणीचे दोष लपलेले असतात, म्हणून आरंभीं बिघाड अधिक होतात. ते निस्तरले म्हणजे सुखाचा असा दीर्घ काळ येतो. शेवटीं झीज होऊन बिघाडांचें प्रमाण पुनः चढूं लागतें. ह्या चढउताराची आकृति काढली असतां ती न्हाणीघरांतील टबाच्या कडेसारखी दिसते. मनुष्याचेंही बहुतांशीं असेंच आहे. फरक इतकाच कीं, मनुष्याचे अवयव सहजासहजीं बदलतां येत नाहींत, मोटारीचे येतात. किंवा निदान येत असत. म्हणून मोटारीचें म्हातारपण हें नुसतें तिच्या लोखंडाचें म्हातारपण नव्हे. बदलावयाचा भाग मिळतो कीं नाहीं, तो बसविणारा हात जवळपास आहे कीं नाहीं, आणि त्याचा खर्च तिच्या धन्याला सोसवतो कीं नाहीं, ह्या तीन गोष्टींवर तें अवलंबून असतें. हीच गोष्ट पुढील इतिहासावरून स्पष्ट व्हावी असा आमचा हेतु आहे.

प्रारंभींच्या मोटारी जवळजवळ एकेक हातानें घडविलेल्या असत. एका गाडीचा दट्ट्या दुसरीच्या नळकांड्यांत बसेलच अशी खात्री नसे. कारागीर कानस घेऊन तो घासून बसवीत असे. १९०८ सालीं इंग्लंडांत ब्रुकलंड्स येथें एक विलक्षण प्रयोग झाला. अमेरिकेंत बनलेल्या कॅडिलॅक जातीच्या तीन मोटारी खोलून त्यांचे सर्व भाग एकत्र मिसळून टाकण्यांत आले, कांहीं भाग काढून त्यांचे जागीं दुकानांतील सुटे भाग ठेवण्यांत आले, आणि त्या ढिगांतून पुनः तीन मोटारी जुळवून त्या पांचशें मैल चालविण्यांत आल्या. तिन्ही चालल्या. ह्या पराक्रमाबद्दल त्या कारखान्यास ड्युअर चषक मिळाला. त्याच वर्षीं हेन्‍री फोर्डची मॉडेल टी ही मोटार बाहेर पडली आणि एकसारख्या भागांचें हें तत्त्व खेड्यापाड्यांच्या शेतकऱ्यांपर्यंत पोंचलें. पुष्कळांना ह्या घटनेचें महत्त्व स्वस्त उत्पादनापुरतेंच वाटतें. आमच्या मतें तिचें खरें महत्त्व वेगळें आहे. ज्या दिवशीं सुटा भाग कोणत्याही गाडीस बसूं लागला त्या दिवशीं मोटार आपल्या जन्मदात्या कारखान्यापासून स्वतंत्र झाली. कारखाना डेट्रॉइटास असो कीं टुरिनास असो, तिची दुरुस्ती अकोल्याच्या टिनाच्या छपराखालीं होऊं शकेल हें त्या दिवशीं ठरलें.

आमच्या वऱ्हाडांत मोटार आली ती कापसाच्या मागोमाग. १८५३ सालीं हा प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखालीं गेला; १८७० सालीं लॉर्ड मेयोच्या उपस्थितींत खामगांवचा लोहमार्ग सुरू झाला; आणि कापसाच्या पैशानें अमरावती, अकोला, खामगांव हीं शहरें वाढलीं. परंतु लोहमार्गापासून चार कोस दूर गेलें कीं काळ्या मातीचें राज्य. उन्हाळ्यांत ह्या मातीला हातभर भेगा पडतात. पावसाळ्यांत तींत बैल रुततो, तेथें मोटारीची काय कथा! मुंबईंत शिवडी येथें १९२८ सालीं जनरल मोटर्स कंपनीनें गाड्या जुळविण्याचा कारखाना काढला. अशा परदेशी गाड्या जमीनदार, वकील व जिनिंगचे मालक ह्यांच्या वाड्यांत दिसूं लागल्या, तेव्हां त्यांच्याबरोबर एक नवीन जातीचा कारागीर आमच्या शहरांत उदयास आला. जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांतून लेथ व भाता होतेच. तेथें वाफेच्या यंत्रावर शिकलेला हात मोटारीवर चालण्यास वेळ लागला नाहीं.

स्वातंत्र्यानंतर ह्या कथेला निराळें वळण लागलें. वालचंद हिराचंद ह्यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कुर्ल्याचा कारखाना १९४७ पासून गाड्या जुळवूं लागला होता. बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स ही कंपनी १९४२ ची. १९५३ सालीं सरकारनें असें धोरण ठरविलें कीं, ज्यांना ह्या देशांत मोटारी प्रत्यक्ष बनवावयाच्या आहेत त्यांनींच येथें राहावें, नुसत्या जुळविणारांस येथें स्थान नाहीं. जनरल मोटर्स व फोर्ड ह्या बड्या कंपन्यांनीं गाशा गुंडाळला. त्यानंतर सुमारें तीस वर्षें सामान्य हिंदी गृहस्थाच्या वांट्याला मुख्यत्वें दोनच मोटारी आल्या: कुर्ल्याची फियाट आणि उत्तरपाड्याची अँबॅसेडर. फियाट ११०० ही १९५४ पासून येथें आली, १९६४ पासून तिचा 'डी' नमुना निघूं लागला, आणि त्याच नमुन्याला पुढें सत्तरीच्या दशकांत 'पद्मिनी' हें नांव मिळालें. अँबॅसेडर ही इंग्लंडांतील मॉरिस ऑक्सफर्डची लेक. ती तर २०१४ च्या मे महिन्यापर्यंत बनत होती.

ह्या काळाविषयीं हल्लीं दोन टोकांचीं मतें ऐकूं येतात. कोणी म्हणतात, त्या वेळच्या गाड्या म्हणजे लोखंडाचे किल्ले. कोणी म्हणतात, तो काळ म्हणजे ग्राहकाची विटंबना. दुसऱ्या मतांत तथ्य अधिक आहे हें प्रामाणिकपणें कबूल केलें पाहिजे. गाडीसाठीं नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे, आणि आलेली गाडी पहिल्याच महिन्यांत दुरुस्तीस जाई. तक्रारी इतक्या वाढल्या कीं, १९६७ सालीं सरकारला मोटारींच्या गुणवत्तेची चौकशी करण्याकरितां एक समिति नेमावी लागली. तेव्हां जुन्या काळच्या घडणीचें कौतुक करण्यांत अर्थ नाहीं. परंतु ह्या सदोष व्यवस्थेंतून, कोणाच्याही ध्यानींमनीं नसतां, एक गुण निपजला. वीस-वीस वर्षें गाडीचा नमुना बदलला नाहीं. म्हणून १९६६ च्या गाडीचे पुष्कळसे भाग १९८६ च्या गाडीस चालत. गांवोगांवच्या दुकानदाराला चार फळ्यांवर दोन गाड्यांचा सगळा संसार मांडतां येई. आणि मिस्त्री लोकांचें ज्ञान शिळें होत नसे. बापाकडून मुलगा जें शिके तें त्याला जन्मभर पुरे. अमेरिकेच्या व्यापारबंदीनंतर क्यूबाच्या हवाना शहरांत १९५९ च्या पूर्वींच्या अमेरिकन मोटारी साठ-साठ वर्षें चालत्या राहिल्या, त्यांच्याही मुळाशीं असेंच कांहींसें कारण आहे. नवें मिळत नाहीं तेथें जुन्याची विद्या वाढते.

ती विद्या आमच्या वडिलांच्या मिस्त्रीपाशीं होती. अकोल्याच्या एका गल्लींत एका निंबाच्या झाडाखालीं त्याचें गॅरेज होतें. गाडी आंत येतांना तो ती पाहत नसे, ऐकत असे. "टॅपेट वाजते," किंवा "चवथा प्लग मेला," असें निदान गाडी थांबण्यापूर्वींच होई. इंजिन धूर टाकूं लागलें, तेल पिऊं लागलें, म्हणजे तो इंजिन खोली. झिजलेलीं नळकांडीं लेथवाल्याकडून किंचित् मोठीं कापून घेई, आणि वीस हजारांश इंच मोठा दट्ट्या व त्याच्या नव्या रिंगा बसवी. पुनः झीज झाली कीं चाळीस हजारांश. पुनः झाली कीं साठ. एका इंजिनाला असे तीन जन्म मिळत. आणि चौथ्या वेळीं नळकांड्यांत नवी बाही बसवून तो पुनः मूळ मापावर येई. वडिलांनीं एकदां कंटाळून गाडी विकण्याची गोष्ट काढली तेव्हां तो म्हणाला, "वकीलसाहेब, लोखंडच हाय ते. घासलं त बदलू."

वडिलांना हिशेब ठेवण्याची शिस्त होती. त्या गाडीच्या खर्चाची वही अद्यापि आमच्यापाशीं आहे. ती वाचतांना प्रथम मनुष्य थक्क होतो. ब्रेकचे रबर, डायनॅमोचे ब्रश, किंगपिन, रेडिएटरला डाग, पुनः किंगपिन, पाण्याचा पंप, क्लचप्लेट. असा एकही महिना नाहीं कीं ज्यांत कांहीं नोंद नाहीं. अकोला-अमरावतीचा रस्ता त्या काळीं असा होता कीं, गाडीच्या पुढल्या चाकांचे सांधे दर वर्षीं नवे करावे लागत. (त्याच रस्त्यावर २०२२ च्या जूनमध्यें पंचाहत्तर किलोमीटर डांबर एकशें पांच तास तेहतीस मिनिटांत अंथरून गिनेस बुकांत विक्रम नोंदविला गेला, हें पाहावयास तो मिस्त्री असता तर आपल्या धंद्याचें नुकसान झालें म्हणून हळहळला असता.) चौतीस वर्षांच्या ह्या नोंदींची बेरीज गाडीच्या खरेदीच्या कित्येक पट भरते. म्हणजे ती गाडी स्वस्त होती असें म्हणण्यास मुळींच जागा नाहीं. परंतु वही पुनः वाचली असतां एक गोष्ट नजरेस येते. इंजिन उघडल्याच्या तीन नोंदी सोडल्या तर एकाही वेळचा खर्च त्या काळच्या वडिलांच्या आठवड्याच्या मिळकतीहून मोठा नाहीं. आणि इंजिनाचा खर्चसुद्धां एका महिन्याच्या मिळकतीच्या आंत आहे. ती गाडी आपलें म्हातारपण हप्त्याहप्त्यानें मागत होती. म्हणून तें देतां आलें.

उलट दाखलाही आमच्याच मुलखांत आहे. यवतमाळ, मूर्तिजापूर व अचलपूर ह्यांना जोडणारी, लोक जिला प्रेमानें 'शकुंतला' म्हणतात ती अडीच फुटी रुळांची आगगाडी वाचकांस ठाऊक असेलच. विसाव्या शतकाच्या आरंभीं कापूस वाहून नेण्याकरितां हा सुमारें एकशें नव्वद किलोमीटरांचा मार्ग बांधण्यांत आला. त्याची मालकी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची व व्यवस्था मुंबईच्या किलिक निक्सन ह्या पेढीची होती. ह्या मार्गावर मँचेस्टरला १९२१ सालीं बनलेलें वाफेचें इंजिन १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत चाललें. सत्तर वर्षें! वडिलांच्या मोटारीच्या दुपटीहून अधिक. त्या इंजिनाचेही भाग मूर्तिजापूरच्या कारागिरांनीं पुनःपुनः घडवून बसविले असले पाहिजेत. एरवीं तें इतकें चालतें ना. मग गाडी कशानें थांबली? इंजिन म्हातारें झालें म्हणून नव्हे. त्याचे जागीं डीझेलचें इंजिन आलेंच होतें. थांबली ती रुळांमुळें. देशांतील इतर लोहमार्ग सरकारजमा झाले तरी हा मार्ग कंपनीचाच राहिला. गाडी चालवी सरकारी रेल्वे आणि उत्पन्नांतील वांटा जाई कंपनीला. अशा स्थितींत रूळ, पूल व स्लीपर ह्यांची मोठी दुरुस्ती कोणाच्या पदरच्या पैशानें व्हावी हा प्रश्न लोंबकळत राहिला. धन्याला वाटे चालविणारानें करावी, चालविणाराला वाटे धन्यानें करावी. वेग उतरत उतरत ताशीं वीस किलोमीटरांच्या घरांत आला आणि शेवटीं ती गाडी बंद पडली. इंजिन दुरुस्त करण्यास हात होते म्हणून तें सत्तर वर्षें जगलें. रुळांच्या खर्चाला धनी नव्हता म्हणून मार्ग गेला. यंत्राच्या मरणांत वयाचा वांटा कितीसा असतो, हें ह्यावरून कळून येईल.

आतां मोटारीकडे पुनः वळूं. १४ डिसेंबर १९८३ रोजीं मारुतीची पहिली गाडी ग्राहकाच्या हातीं पडली आणि हिंदी मोटारीचें दुसरें युग सुरू झालें. ही लहानशी गाडी रोज सकाळीं एका किल्लींत चालू होई ह्याचेंच प्रथम लोकांस नवल वाटे. १९९१ नंतर जगांतील बहुतेक सर्व कंपन्या येथें आल्या. २००० सालीं पेट्रोलांतून शिसें काढण्यांत आलें व धुराचे नियम अधिक कडक झाले. २०२० च्या एप्रिलपासून 'भारत स्टेज सहा' हे कडक नियम लागू झाले. हे नियम पाळावयाचे तर इंधन थेंबाथेंबानें मोजून देणें भाग पडतें, आणि तें काम कार्ब्युरेटरच्या हातून होण्यासारखें नाहीं. म्हणून कार्ब्युरेटर गेला व त्याच्या जागीं संवेदक, फवारे आणि त्यांवर राज्य करणारी ती विद्युत्-पेटी आली.

ह्या बदलाला दोष देणें कृतघ्नपणाचें होईल. नव्या गाड्यांचीं इंजिनें एकदांही न उघडतां दोन-दोन लाख किलोमीटर चालतात. वडिलांच्या गाडीचा अंतरमापक तर पांचच आंकड्यांचा होता, एक लाख झाले कीं तो मुकाट्यानें शून्यावर येई, जणूं बनविणारालाही त्याच्या पुढची अपेक्षा नव्हती. धूर कमी झाला. पत्रा गंजेनासा झाला. अपघातांत जीव वांचविणाऱ्या हवेच्या उशा आल्या. परंतु खर्चाची चाल मात्र उलटी झाली. पूर्वीं बिघाड पुष्कळ व बिल लहान. आतां बिघाड थोडे व बिल डोंगराएवढें. पहिलीं आठ-दहा वर्षें गाडी कांहींच मागत नाहीं, आणि मग एके दिवशीं सगळें एकदम मागते. पूर्वीं झिजलेला एक ब्रश बदलावा लागे. आतां ब्रश ज्यांत आहे ती सबंध पेटी बदलावी लागते, कारण ती उघडण्यासाठीं बनविलेलीच नसते. आणि बिघाड कोठें आहे हें कानानें कळत नाहीं; त्याकरितां जें उपकरण लागतें तें कंपनीच्या ताब्यांत.

ही शेवटची गोष्ट केवळ आमची कुरकुर नव्हे. स्पर्धा आयोगानें २५ ऑगस्ट २०१४ रोजीं चौदा मोटार-कंपन्यांस मिळून २,५४४ कोटि रुपयांवर दंड ठोठावला. त्यांचा अपराध असा ठरला कीं, सुटे भाग, दुरुस्तीचीं माहितीपत्रकें व निदानाचीं उपकरणें त्यांनीं बाहेरच्या कारागिरांस खुल्या बाजारांत मिळूं दिलीं नाहींत. हें प्रकरण पुढें अपिलांत गेलें आणि दंडाचा वाद लांबला. परंतु मूळ मुद्दा सरकारदरबारीं नोंदला गेला. २०२२ च्या जुलैंत केंद्राच्या ग्राहक-व्यवहार खात्यानें 'दुरुस्तीच्या हक्का'वर विचार करण्यास समिति नेमली, आणि तिच्या कक्षेंत शेतीचीं अवजारें, मोबाइल, घरगुती उपकरणें ह्यांच्याबरोबर मोटारीही घेतल्या. १९०८ सालीं ब्रुकलंड्सला जें स्वातंत्र्य मोटारीनें मिळविलें तें शंभर वर्षांनीं हळूहळू परत घेतलें जात आहे, आणि तें परत घेऊं द्यावें कीं नाहीं, असा हा वाद आहे.

दुसऱ्या बाजूनें कायदाही मोटारीचें वय मोजूं लागला आहे. १९८८ च्या मोटार-वाहन कायद्यान्वयें खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षें चालते, पुढें तपासणी करून पांच-पांच वर्षांनीं नवी करावी लागते. ह्या नूतनीकरणाला मोटारीकरितां पूर्वीं सहाशें रुपये पडत. १ एप्रिल २०२२ पासून पांच हजार पडूं लागले, आणि २०२५ सालीं वीस वर्षांवरील मोटारींकरितां तें शुल्क दहा हजारांवर गेलें. १३ ऑगस्ट २०२१ रोजीं जुनीं वाहनें मोडीत काढण्याचें राष्ट्रीय धोरण जाहीर झालें. मुंबईच्या टॅक्सीला तर वीस वर्षांची स्पष्ट मर्यादाच आहे. तीमुळें, २९ ऑक्टोबर २००३ रोजीं नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली, तेव्हां वर्तमानपत्रांतून पुष्कळ हळवे लेख आले. शिवाय पेट्रोलांत आतां वीस टक्के इथेनॉल मिसळण्यांत येतें. जुन्या गाड्यांतील कांहीं रबरी भाग त्यामुळें लवकर बदलावे लागतील असें सरकारनेंच सांगितलें आहे. म्हणजे गाडी उभ्या जागीं जुनी होत नाहीं. तिच्या भोवतालचें जग बदलून तिला जुनी करतें.

ह्या कायद्याच्या मागचा हेतु आम्हांस मान्य आहे. धूर ओकणारी गाडी धन्याला प्रिय असेल, पण तिच्या मागून सायकलवर जाणाऱ्या विद्यार्थ्याचीं फुफ्फुसें धन्याच्या मालकीचीं नाहींत. ब्रेक न लागणारी गाडी हा घरगुती प्रश्न नव्हे. तेव्हां जुन्या गाडीची कसून परीक्षा व्हावी, आणि जी परीक्षेंत उतरणार नाहीं ती निर्दयपणें मोडीत जावी. परंतु परीक्षा स्थितीची असावी, जन्मपत्रिकेची नव्हे. शुल्क तर नुसत्या जन्मपत्रिकेवरच चढतें. आणि ज्या दिवशीं शासन धन्याला सांगतें कीं तुझी गाडी नीट ठेव, त्या दिवशीं कारखानदारालाही सांगितलें पाहिजे कीं, ती नीट ठेवण्यास लागणारे भाग व ज्ञान इतकीं वर्षें, अमुक किमतीच्या आंत, गांवच्या कारागिरालाही मिळालें पाहिजे. एकालाच कर्तव्य सांगणें हें शकुंतलेच्या रुळांसारखें होईल. खर्चाला धनी राहणार नाहीं, आणि पुष्कळ चांगल्या गाड्या आपल्या वयाआधीं मरतील.

कोणी विचारील, मूठभर मोटारवाल्यांच्या ह्या रडगाण्याशीं वऱ्हाडच्या सामान्य माणसाचा काय संबंध? संबंध आहे. आमच्याकडे नवी मोटार शहरांत येते; पांच-सात वर्षांनीं ती तालुक्याला जाते; आणखी पांच वर्षांनीं ती खेड्यांत एखाद्या शिक्षकाच्या, दूधवाल्याच्या किंवा पांच-सात एकरांच्या कास्तकाराच्या दारीं उभी राहते. कापसाचा भाव बरा आला त्या वर्षीं तो ती घेतो. रात्रीं घरांतली बाई अडली, किंवा म्हाताऱ्याच्या छातींत कळ आली, म्हणजे आठ-दहा घरांत तीच एक गाडी असते, आणि ती अमरावतीच्या इस्पितळाकडे निघते. ह्या मनुष्याच्या हातीं मोटार येते ती बाराव्या वर्षीं, म्हणजे नेमकी तिचा टब चढणीला लागतो त्या वेळीं. शहरच्या पहिल्या धन्यानें तिचीं सुखाचीं वर्षें भोगलेलीं असतात. ती विद्युत्-पेटी ह्याच्या वांट्याला येते. एक लाख चाळीस हजार ही रक्कम आम्हां प्राध्यापकाच्या तोंडचें पाणी पळविते. त्याचा तर कापसाचा हंगामच तींत बुडेल. जुन्या गाडीची दुरुस्ती परवडणें हा त्याच्या दृष्टीनें हौसेचा प्रश्न नाहीं.

वडिलांची मोटार २००९ सालीं गेली. पत्रा खालून इतका गंजला होता कीं बैठकीखालचा रस्ता दिसे, आणि मिस्त्रीचे डोळेही अधू झाले होते. भंगारवाला वजनावर ती घेऊन गेला. त्यापूर्वीं मिस्त्रीनें एक सबंध दिवस बसून तिचा कार्ब्युरेटर, डायनॅमो, दोन दारें व मागचा अॅक्सल काढून घेतला. त्याच्याकडे त्याच जातीच्या आणखी दोन गाड्या येत असत. वहींत वडिलांच्या अक्षरांतील शेवटची नोंद जमेची आहे.

आमच्या गाडीचें काय झालें हें वाचकांस सांगणें उचित होईल. तें अंदाजपत्रक आम्हीं परत केलें. अकोल्यास विद्युत्-पेट्या उघडून दुरुस्त करणारा एक तरुण आहे असें एका विद्यार्थ्यानें सांगितलें. त्याच्याकडे ती पाठविली. त्यानें भिंग लावून ती पेटी खोलली, एक जळालेला भाग काढून दुसरा डाग देऊन बसविला, आणि अकरा हजार रुपये घेतले. हें सर्व तो कोणत्याही कंपनीच्या माहितीपत्रकावांचून, तुटक्या पेट्या उघडून उघडून शिकला आहे. किती दिवस चालेल, असें आम्हीं विचारलें. हमी देत नाहीं, म्हणाला. पुनः बिघडली तर आणा. आम्हीं पावती घेतली, घरीं आलों, वडिलांची वही काढली आणि तिच्या उरलेल्या कोऱ्या पानावर तारीख घालून तो खर्च लिहिला. श्रावणांत त्याच गाडीनें परतवाड्याचा घाट चढून चिखलदऱ्यास जाण्याचा आमचा विचार आहे.